विश्रामबागच्या आनंदमेळ्यातला ‘एक्झॉटिक पेट’ स्टॉल : पाचपैकी दोन स्टार

दोन स्टार दिलेत ते स्टॉलवर मकाऊ (परदेशी मोठा पोपट) सांभाळणाऱ्या पोरासाठी. तो नसता तर एकच दिला असता.

सांगलीतल्या आमच्या विश्रामबागेतल्या कॉलन्यांचा मिळून एप्रिलमध्ये आनंदमेळा भरतो. बचत गटांचे पापड-लोणची, भेळ, भडंग, पोरांसाठी उड्या मारायचा हवेचा फुगा, सगळं असतं. यंदा बाहेरगावाहून हा स्टॉल बोलावला होता. प्राणी हातात घेऊन फोटो काढायचा, शंभर रुपये. निळा-पिवळा मकाऊ, हिरवा इग्वाना (मोठा सरडा), बॉल पायथन (अजगराच्या जातीतला साप) आणि कापडी पिशवीत झोपलेला शुगर ग्लायडर (खारीएवढा, झाडांवरून तरंगत जाणारा प्राणी). मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, सगळी नोकरी गाई-म्हशी-शेळ्यांत गेली. पण पुतण्याकडे आफ्रिकन ग्रे पोपट आहे. त्याची नोंदणी करताना कागदपत्रं मीच वाचून काढली होती, त्यामुळे नियम माहीत आहेत.

फलकावर ठळक लिहिलेलं, ‘सर्व प्राणी लायसन्सधारक’. मी कागद मागितले. मकाऊवाल्या पोरानं मोबाईलवर प्रमाणपत्र लगेच उघडून दाखवलं. पायथन आणि इग्वानाचे कागद ‘साहेबांकडे’ होते. साहेब शेवटपर्यंत आले नाहीत.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साईट्स करारातल्या (वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) परदेशी प्राण्यांची यादी अनुसूची ४ मध्ये आली. यादीतला जिवंत प्राणी तुमच्याकडे असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर हजार रुपये भरून नोंद करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी दगावला किंवा दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. मकाऊ, इग्वाना, बॉल पायथन तिन्ही या यादीत येतात. शुगर ग्लायडर येत नाही, म्हणजे ‘सर्व प्राणी’ हा दावा तिथंच पडला. आणि मुळात ही नोंद म्हणजे प्राणी कुणाच्या ताब्यात आहे याचा दाखला. तो दिवसभर गर्दीत हातोहात फिरवायची परवानगी त्यात कुठंच नाही. लोकांसमोर प्राण्याकडून खेळ करून घ्यायचा तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाकडे वेगळी नोंदणी लागते. माईकवाल्यानं ‘आता मकाऊ सायकल चालवणार’ असं जाहीर केलं, तेव्हा या पोरानं सायकल खोक्यातून बाहेर काढलीच नाही. पक्षी दमलाय म्हणाला आणि त्याला मागं सावलीत घेऊन गेला. अशी माणसं या धंद्यात हवीत.

पायथनचं बघवलं नाही. हा साप घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा घट्ट गोळा करतो. टेबलावर तो तसाच बसलेला. फोटोसाठी पोरगं पुढं आलं की स्टॉलवरची बाई दोन्ही हातांनी तो गोळा उलगडायची, मान बाहेर ओढायची आणि गळ्यात घालायची. फोटो झाला, खाली ठेवला की परत गोळा. ‘झोपाळू आहे हो तो,’ असं सगळ्यांना सांगत होती. टेबल ठेवलं होतं ते स्पीकरला अगदी खेटून. सापाला जमिनीतली थरथर अंगानं कळते. गाण्याच्या प्रत्येक ठोक्याला ते लोखंडी टेबल हादरत होतं. ही जागा स्टॉलवाल्यांनी नाही, आमच्या समितीनं ठरवून दिलेली.

दुपारी चारला पत्र्याखाली उकाडा किती असतो ते सांगलीकरांना सांगायला नको. इग्वाना उष्ण प्रदेशातला असला तरी ऊन सोसेनासं झालं की तो सावलीत सरकतो. इथं कमरेला दोरी, सरकणार कुठं? तोंड वासून बसला होता. म्हशीला धाप लागली की आपण बादलीभर पाणी मारतो. या जनावराची धाप कुणाला दिसली नाही. मी सांगितल्यावर त्यांनी ओलं फडकं टाकलं, तेवढं मान्य करतो. शुगर ग्लायडर तर निशाचर. भर दुपारी त्याला पिशवीतून काढून मोबाईलच्या फ्लॅशसमोर धरणं हा छळच आहे.

हात धुवायला पाणी नव्हतं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांना ते हाताळायला देऊ नयेत असं डॉक्टर सांगतात. आमच्याकडं इग्वाना हातात घेतलेली पोरं तशीच पुढच्या स्टॉलवर भेळ खात होती. नातीला मी मकाऊ लांबूनच दाखवला.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. ‘तुमचा पाळीव प्राणी घेऊन या’ असंही समितीनं पत्रकात छापलं होतं, त्यामुळे एक कुटुंब पिंजऱ्यात आपला हिरवा राघू घेऊन आलं. मकाऊवाल्या पोरानं त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात समजावलं की हा देशी पोपट पाळणं हाच गुन्हा आहे, वन खात्याच्या १९२६ नंबरवर फोन करून विचारा. बऱ्याच लोकांना हे अजून पटत नाही. हजारो मैलांवरचा मकाऊ नोंद करून ठेवता येतो आणि वाड्यातला राघू नाही, याचं कारण साधं आहे. राघू इथल्या रानातून पिल्लू असतानाच पकडून विकायला येतो. आपल्या जिल्ह्याला तरी हे नवं वाटू नये. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नागांच्या मिरवणुका निघायच्या, हायकोर्टानं त्या थांबवल्या. तेव्हा लोक किती चिडले होते ते मी पाहिलंय. पण नागाच्या तोंडाचे हालही त्याच काळात पाहिलेत, आणि मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला होता.

समितीला मी लेखी दिलंय. प्रत्येक प्राण्याचा कागद आठवडाभर आधी मागवा. साप, इग्वाना आणि रात्रीचे प्राणी बोलवूच नका. पक्षी आणायचा तर स्पीकरपासून लांब, सावलीत, कुणाच्या हातात न देता आणि थोडाच वेळ. शेजारी नळ आणि साबण. पत्रकातली ‘पाळीव प्राणी आणा’ ही ओळ काढा किंवा कुत्र्या-मांजरांपुरतीच ठेवा, तीही लसीचं कार्ड बघून.

अध्यक्षांनी पुढच्या बैठकीत विषय घेतो म्हणून सांगितलंय. त्या बैठकीला मी जाणार आहे, आणि तो मकाऊवाला पोरगा तयार असला तर त्यालाही बोलवा म्हणणार आहे.