मुंबईच्या चिखलात डॅनफर्थ नांगर: 22 फुटी होडीसाठी

मुंबई बंदराचा तळ बहुतेक ठिकाणी मऊ चिखलाचा, त्यामुळे रुंद, चपट्या फाळांचा डॅनफर्थ इथे शोभतो. 22 फुटी शिडाच्या होडीला 6-7 किलोचा पुरे. घडी होतो, लॉकरमध्ये मावतो. खडकाळ तळावर मात्र त्याचा भरवसा नको.

खरी उणीव ओहोट सुरू झाल्यावर दिसते. दर सहा तासांनी प्रवाह उलटतो, होडी फिरते, फाळ उपटतो आणि त्यात शिंपला किंवा चिखलाचा गोळा अडकला तर पुन्हा रुततच नाही. रात्रभर थांबायचे तर नव्या धाटणीचा, फिरून लवकर रुतणारा नांगर बरा. महाग आहे, एवढेच.

दोराचा हिशोब भरतीचा करा. ओहोटीला 3 मीटर पाणी, उधाणाची वाढ साडेचार, नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासून उंची 1: एकूण साडेआठ मीटर. दोर याच्या पाचपटीने 43 मीटर, वारा वाढला तर सातपटीने 60. त्यात 8 मिमीची साखळी निदान 6 मीटर, पुढे 12 मिमी नायलॉन. दारूखान्यातली (मुंबईतल्या जहाजांच्या भंगारबाजारातली) जुनी साखळी स्वस्त पडते, पण कडी घासलेली असेल तर नकोच.

शॅकलची, म्हणजे साखळी नांगराला जोडणाऱ्या कडीची, पिन तारेने बांधा, नाहीतर सैल होते. नाळेवर नांगराचा दोर सरकवणारा रोलर बसवताना डेकखाली जाड पट्टी देऊन आरपार बोल्ट घाला. नुसते स्क्रू पहिल्याच झटक्यात उपटतात. भोकांना सीलंट हवेच, नाहीतर पाणी डेकच्या गाभ्यात मुरते.