हवामान अंदाजाच्या आधारे धरणाचे पाणी वाटताना: अडीच वर्षांच्या वापरानंतरचा अनुभव

मे 2023 ते नोव्हेंबर 2025 या अडीच वर्षांत आमच्या प्रकल्पस्तरीय पाणी वापर संस्थेने (कालव्याचे पाणी आपसांत वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेने) आवर्तनांचे, म्हणजे कालव्यातून ठरावीक काळाने पाणी सोडण्याच्या फेऱ्यांचे, नियोजन करताना भारतीय हवामान विभागाच्या अंदाजांचा नियमित वापर केला. आमचा प्रकल्प मध्यम स्वरूपाचा असून तो नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. धरणाला दरवाजे नाहीत. ते भरले की पाणी सांडव्यावरून आपोआप नदीत जाते. लाभक्षेत्रात कांदा, मका, हरभरा आणि अलीकडे द्राक्ष व डाळिंब आहे. संस्थेचे सचिवपद माझ्याकडे असल्यामुळे दर आठवड्याचा अंदाज वाचून त्याची नोंद ठेवण्याचे काम मीच केले. हे अंदाज विनामूल्य मिळतात, मात्र ते वापरण्याची शिस्त लागायला आम्हाला दोन हंगाम खर्ची घालावे लागले.

आम्ही प्रामुख्याने तीन प्रकारची माहिती वापरतो. पहिली म्हणजे एप्रिलच्या मध्यास आणि मेच्या अखेरीस जाहीर होणारा संपूर्ण मोसमाचा अंदाज व त्यानंतरचे मासिक अंदाज; दुसरी म्हणजे दर गुरुवारी प्रसिद्ध होणारा पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज; आणि तिसरी म्हणजे पावसाळ्यात नदीच्या उपखोऱ्यांसाठी दिला जाणारा पावसाच्या प्रमाणाचा अंदाज, ज्यात 11 ते 25, 26 ते 50, 51 ते 100 मिलिमीटर असे टप्पे असतात. यांच्या जोडीला राज्याच्या कृषी विभागाच्या संकेतस्थळावरील महसूल मंडळनिहाय पावसाची आकडेवारी आम्ही रोज पाहतो. या सर्वांत आमच्या निर्णयांवर खरा परिणाम केला तो गुरुवारच्या अंदाजाने. मोसमाच्या अंदाजाची वर्तमानपत्रांत सर्वाधिक चर्चा होते, पण त्यानेच आम्हाला सर्वाधिक अडचणीत आणले, आणि त्यात दोष आमच्या वाचनाचा होता.

31 जुलै 2023 रोजी ऑगस्टमध्ये देशात सरासरीपेक्षा कमी पाऊस होईल, असा अंदाज जाहीर झाला आणि प्रत्यक्षात तो महिना 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशात 36 टक्के तूट राहिली. म्हणजे इशारा वेळेवर मिळालेला होता. तरीही आमच्या तीन बैठका केवळ वादात गेल्या. मका तुऱ्यावर आलेला शेतकरी पाळी मागत होता, फळबागधारक पाणी राखून ठेवा म्हणत होता आणि दोघेही तोच अंदाज हातात धरून बोलत होते. आवर्तन सुटेपर्यंत टेलकडचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाकडचा, मका निम्मा वाळला होता. अमुक अंदाज आला तर अमुक करायचे, हे आधी ठरलेले नसेल तर प्रत्येक जण त्या अंदाजात आपल्या सोयीचा अर्थ शोधतो, हे मला त्या तीन आठवड्यांत स्पष्ट दिसले.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही एका पानाचा तक्ता तयार केला. डाव्या बाजूला धरणातील उपयुक्त साठ्याचे टप्पे, वरच्या बाजूला पुढील दोन आठवड्यांचा अंदाज आणि प्रत्येक चौकटीत एक निश्चित कृती, असे त्याचे स्वरूप होते. साठा 40 टक्क्यांच्या खाली आणि पुढील दोन आठवडे कोरडे असतील तर पाण्याच्या ताणाला नाजूक अवस्थेत असलेल्या पिकांना एकच लहान पाळी द्यायची, ही पाळी टेलकडून सुरू करायची आणि उन्हाळी आवर्तनाबद्दलचा निर्णय कांद्याचे बी टाकण्यापूर्वी जाहीर करायचा, असे त्यात लिहिले होते. सर्वसाधारण सभेने तो तक्ता मंजूर केला आणि शाखा अभियंत्यांनाही त्याची प्रत दिली, कारण कालवा सल्लागार समितीपुढे संस्थेची मागणी त्यांच्यामार्फत जाते.

कांद्याबद्दलचा मुद्दा बाहेरच्या वाचकांसाठी थोडा उलगडून सांगणे आवश्यक आहे. उन्हाळी कांद्याची रोपे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकली जातात आणि डिसेंबर-जानेवारीत लागवड होते. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये पाणी मिळणार नाही हे शेतकऱ्याला जानेवारीत कळले तर बियाणे, रोपवाटिका आणि लागवडीची मजुरी हा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. सप्टेंबर 2023 च्या अखेरीस आमचा साठा कमी होता आणि पुढील चार आठवड्यांत परतीच्या पावसाची फारशी आशा दिसत नव्हती. तक्त्याप्रमाणे आम्ही रब्बीला दोन आवर्तने, उन्हाळ्यात एकही नाही, असे जाहीर केले. 31 ऑक्टोबरला राज्य सरकारने ज्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत येवला, सिन्नर आणि मालेगाव होते. त्याच सुमारास वरच्या धरणांतून मराठवाड्यातील जायकवाडी धरणासाठी 8.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघून जिल्हाभर पाण्याचा वाद पेटला. तोपर्यंत आमच्या बहुतेक सभासदांनी कांद्याऐवजी हरभऱ्याचे बियाणे घेतलेले होते. या एका निर्णयासाठी मी या माहितीसेवेचा ऋणी आहे.

2024 ची चूक मात्र पूर्णपणे आमची होती. एप्रिलमध्ये मोसमात सरासरीच्या 106 टक्के पावसाचा अंदाज आला आणि संस्थेने आपल्या कोट्यातून राखून ठेवलेले थोडे पाणी फळबागांसाठी मे महिन्यात सोडावे, असा आग्रह सुरू झाला. जूनमध्ये धरणात पाणी येईलच, असे सर्वांनी धरून चालले; मीही विरोध केला नाही. देशात त्या वर्षी 108 टक्के पाऊस झाला, पण आमच्या धरणात जुलैचा शेवटचा आठवडा उजाडेपर्यंत येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, जवळजवळ शून्य होता. पेरलेला मका वाचवायला पाणी उरले नव्हते, कालव्याच्या पाझरावर अवलंबून असलेल्या विहिरी आटल्या आणि दोन वस्त्यांना टँकरने पाणी पुरवावे लागले. चार महिन्यांच्या एकूण पावसाचा अंदाज देशातील सरासरीविषयी बोलतो. तो जूनमध्ये एका लहान पाणलोटात किती पाणी वाहील याविषयी काहीही सांगत नाही. आता तक्त्यात आम्ही स्वतंत्र अट घातली आहे, की मोसमाच्या अंदाजावरून राखीव पाणी सोडायचे नाही; ते प्रत्यक्ष येवा सुरू झाल्यावरच सोडायचे. मोसमाच्या अंदाजाचा उपयोग आम्ही बियाणे आणि चाऱ्याच्या तयारीपुरता ठेवला आहे.

भौगोलिक प्रमाणाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. विस्तारित अंदाज हवामानशास्त्रीय उपविभागांच्या पातळीवर वाचला जातो आणि देशात असे 36 उपविभाग आहेत. आमचा उपविभाग मध्य महाराष्ट्र. त्यात महाबळेश्वरही येते आणि येवल्याचे माळरानही येते. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस झाला की उपविभागाचा आकडा फुगतो आणि आमच्याकडे मात्र ढग नुसते पुढे सरकतात. म्हणून आम्ही केवळ आकडा न वाचता नकाशातील आपल्या भागाचा रंग पाहतो, तसेच पहिल्या दोन आठवड्यांनाच निर्णयात स्थान देतो. तिसरा आणि चौथा आठवडा केवळ कल दाखवतो, हे सभासदांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. सप्टेंबर 2023 मध्ये आम्ही चार आठवड्यांचा कल पाहिला खरा, पण निर्णयाचा मुख्य आधार धरणातील कमी साठाच होता.

मंडळाचे पर्जन्यमापक ज्या गावात आहे ते गाव आमच्या पाणलोटाबाहेर येते. त्यामुळे पाणलोटातील तीन गावांत आम्ही साधी पर्जन्यमापके बसवली. रोज सकाळी 8.30 वाजता, म्हणजे हवामान विभागाच्या मोजणीच्याच वेळी, तेथील नोंद भ्रमणध्वनीवर येते. धरणावरील पातळीच्या जुन्या नोंदवह्यांशी ताडून पाहिल्यावर असे दिसले, की सुरुवातीचा पाऊस जमिनीत आणि वरच्या नालाबांधांत मुरतो, आणि माती तृप्त झाल्यानंतरच त्याच मापाच्या पावसाने धरणाची पातळी हलते. पावसाच्या अंदाजाचे दशलक्ष घनफुटांत रूपांतर करण्याची ही आमची गावठी रीत आहे. ती अचूक नाही, पण बैठकीत मिलिमीटरपेक्षा धरणातील फुटांची भाषा सर्वांना लगेच समजते.

2025 मध्ये मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोहोचला. त्याआधीच मेच्या मध्यास साप्ताहिक अंदाजात जास्त पावसाचा संकेत दिसत होता, म्हणून आम्ही उन्हाळ्यातील शेवटचे आवर्तन रद्द केले. त्यातून वाचलेले पाणी अखेर सांडव्यावरूनच गेले, त्यामुळे साठ्याच्या हिशेबात लाभ झाला असे म्हणता येणार नाही. मात्र काढणीला आलेला कांदा ज्यांच्या शेतात उभा होता, त्यांच्या वाफ्यांत कालव्याचे पाणी आणि वरून पाऊस असा दुहेरी मारा टळला. पुढे धरण भरत आले तेव्हा उपखोऱ्याच्या अंदाजाने अधिक थेट मदत केली. सांडव्याला किती फूट उरले आहेत आणि पुढील दिवसांसाठी पावसाचा कोणता टप्पा दिला आहे, या दोन गोष्टी पाहून आम्ही नदीकाठी पाणी उपसण्याच्या मोटारी असलेल्यांना आदल्या सायंकाळी निरोप दिला आणि बहुतेकांच्या मोटारी वेळेत वर निघाल्या.

मधल्या काळात एका खासगी सेवेचे सशुल्क सदस्यत्वही आम्ही एक हंगाम घेतले होते. ती सेवा पंधराव्या दिवसाचा पाऊस दशांश चिन्हापर्यंत देत असे. दिसायला आकडे नेमके असले तरी इतक्या दूरच्या दिवसासाठी तेवढी नेमकी खात्री देता येत नाही, आणि शक्यतेचा कोठेही उल्लेख नसल्यामुळे सभासद तो आकडा शब्दशः घेत. आम्ही सदस्यत्व पुढे सुरू ठेवले नाही.

एक मोठे काम अजून बाकी आहे. आमच्या धरणातील पाण्याची उपलब्धता ज्या पर्जन्यमालिकेवरून (वर्षानुवर्षांच्या पावसाच्या नोंदींवरून) आणि विश्वासार्हतेच्या टक्क्यांवरून (शंभरांपैकी किती वर्षे तेवढे पाणी मिळेल यावरून) ठरली, ती मालिका कित्येक दशकांपूर्वीची आहे. हवामान विभागाने 2022 मध्ये देशाच्या मोसमी पावसाची सरासरी 1971 ते 2020 या काळावरून 880.6 वरून 868.6 मिलिमीटर अशी सुधारली. आमच्या प्रकल्पाच्या कागदांत मात्र जुनाच येवा गृहीत धरलेला आहे आणि संस्थांचे कोटे त्यावरच निश्चित होतात. कोरड्या खंडांची लांबी आणि एका दिवसात कोसळणाऱ्या पावसाचे प्रमाण हे दोन्ही लक्षात घेऊन हा हिशेब नव्याने व्हावा, यासाठी आम्ही तीन पर्जन्यमापकांच्या नोंदी, धरणाची साप्ताहिक पातळी आणि प्रत्येक गुरुवारचा अंदाज एकाच वहीत लिहीत आहोत. यंदा त्या वहीत उन्हाळ्यातील बाष्पीभवनाचा एक रकानाही वाढवला आहे.