संयुग-मिश्रणाचं प्रयोग-किट: सगळं दिलंय, वजनकाटा तेवढा नाही

आठवीच्या ‘द्रव्याचे संघटन’ या धड्यासाठी मुंबईत शालेय साहित्याच्या दुकानांतून जी किट्स मिळतात, त्यांतलं हे हजार-बाराशेच्या घरातलं. डब्यात लोहकीस, गंधकाची पूड, मोरचूद (कॉपर सल्फेट), नवसागर (अमोनियम क्लोराइड), चार परीक्षानळ्या, चिमटा, काचेचं नरसाळं, चिनी मातीची बशी, स्पिरिटचा दिवा, लोहचुंबक, प्लास्टिकचा चमचा आणि पुस्तिका. नळ्या बोरोसिलिकेटच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेच्या आहेत, ही मोठी जमेची बाजू. साध्या काचेची नळी गंधकाच्या प्रयोगात हमखास तडकते. स्पिरिट वेगळं आणावं लागतं. त्याऐवजी मेणबत्ती वापरू नका, काजळीने नळी काळी होते आणि आतलं काही दिसत नाही.

घोळ आहे तो चमच्यात. पुस्तिका सांगते, एक चमचा लोहकीस, एक चमचा गंधक, मिसळा, तापवा, मग लोहचुंबक लावा; चिकटणार नाही. प्रत्यक्षात चांगलाच चिकटतो. लोहकीस गंधकापेक्षा कितीतरी जड, त्यामुळे चमच्याला चमचा घेतलं की लोखंड फार जास्त पडतं. गंधक संपतं, उरलेलं लोखंड तसंच राहतं, आणि मूल वहीत लिहितं की संयुगातही लोखंडाचे गुणधर्म कायम राहतात. जे शिकवायचं त्याच्या नेमकं उलट!

लोखंडाचं अणुवस्तुमान ५६, गंधकाचं ३२, म्हणजे वजनाने ७ ला ४. घरी २.८ ग्रॅम लोहकीस आणि १.६ ग्रॅम गंधक पुरे, गंधक १.८ घेतलं तर उत्तम, कारण थोडं वाफ होऊन जातंच. नळी एक तृतीयांशच भरा. तोंडाशी ग्लास वूलचा (काचतंतूंचा) सैल बोळा हवा. पुस्तिकेत कापूस लिहिलाय, तो जळतो. बूड तापवा, लाल ठिणगी दिसली की दिवा बाजूला काढा. ज्योत नसतानाही ती लाली वर सरकत जाते, कारण आता उष्णता अभिक्रियेतूनच निघत असते. किटमधला सगळ्यात देखणा क्षण हाच, आणि पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळ नाही.

गार झाल्यावर आयर्न सल्फाइड नळीला घट्ट धरून बसतं. फडक्यात गुंडाळून नळी फोडावी लागते, तेव्हा चारातली एक गेली असं धरूनच चाला. करडा गोळा कुटा, चुंबक पॉलिथिनच्या पिशवीत घालून फिरवा. पिशवीशिवाय कीस चुंबकाला लागला की निघता निघत नाही. खिडकी उघडी हवीच. किटमध्ये आम्ल दिलेलं नाही ते बरंच झालं: आयर्न सल्फाइडवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो. वन रूम किचनमध्ये ते नको, शाळेच्या प्रयोगशाळेतच करावं.

मोरचुदाची पुडी १ ग्रॅमची, तीही कमीच. ५ ग्रॅम घेऊन बशीत मंद आचेवर हलवत तापवलं की निळा रंग जाऊन पांढरी पूड उरते, ३.२ ग्रॅम. म्हणजे ३६ टक्के पाणी गेलं, आणि कुठल्याही दुकानातला शुद्ध मोरचूद घ्या, आकडा तोच येतो. पूड काळपट झाली तर आच जास्त झाली, ते वजन धरू नका. जुलैत हा प्रयोग करणाऱ्यांनी वजन लगेच करावं. पांढरी पूड मुंबईच्या हवेतलं पाणी ओढून पुन्हा निळसर होते. त्याच हवेने पातळ पुडीतला लोहकीसही गंजतो. आणल्या आणल्या तो घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलसोबत ठेवा.

नवसागर-मिठाचं मिश्रण संप्लवनाने (घन पदार्थाची न वितळता थेट वाफ करून) वेगळं करण्याचा प्रयोग ठीक चालतो, फक्त उपड्या नरसाळ्यावर ओला कागद गुंडाळा. गंमत अशी की इथे नवसागर तापल्यावर अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइडमध्ये तुटतो नि वर गार होऊन पुन्हा जुळतो. नळीत नवसागर तापवून तोंडाशी ओला लाल लिटमस धरा. हलका अमोनिया आधी पोचतो आणि लिटमस निळा होतो.

वर्गीकरणाच्या कार्डांत ‘पितळ’ संयुगात टाकलंय. चूक, ते मिश्रण. संयुगात घटकांचं प्रमाण ठरलेलं असतं; इथे तांबं-जस्ताचं प्रमाण बदललं तरी ते पितळच राहतं. झवेरी बाजारात ९१६ (२२ कॅरेट) आणि ७५० (१८ कॅरेट) शिक्क्याचं, दोन्ही सोनं म्हणूनच विकलं जातं, तसंच हे. पाण्याचं तसं नाही. भातसा धरणाचं असो वा वैतरणाचं, हायड्रोजन-ऑक्सिजन वजनाने १ ला ८च. (नळाचं पाणी क्षार आणि क्लोरीन धरून मिश्रणच, पण कार्डावर नुसतं ‘पाणी’ आहे.)

घ्यावं का? नळ्या आणि दिव्यासाठी घ्या. सोबत ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा घ्या, मोरचूद प्रिन्सेस स्ट्रीटवरून सुटा आणा, आणि चमचा पहिल्याच दिवशी डब्याबाहेर काढा.