सीक अ‍ॅप: मुलांना निसर्गाजवळ नेण्यासाठी कसे वापरावे

झाडावर, किड्यावर किंवा पाखरावर फोनचा कॅमेरा धरला की त्याचे नाव सांगणारी अ‍ॅप्स आता बरीच झाली आहेत. मुलांसाठी त्यांतले एकच घ्यायचे असेल तर ‘सीक’ घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत, खाते उघडावे लागत नाही, नाव किंवा ईमेल द्यावा लागत नाही. मात्र अ‍ॅप मुलांच्या हाती देऊन मोठे बाजूला झाले, तर थोड्याच वेळात मुले झाडे बघायची थांबतात आणि अ‍ॅप बक्षीस म्हणून देते ते बिल्ले जमवू लागतात. हा दोष ओळखण्याच्या तंत्राचा नसून बक्षिसांच्या रचनेचा आहे. वापरायची पद्धत बदलली की तो बराचसा जातो.

सीक ज्या ‘आयनॅचरलिस्ट’चे अपत्य आहे, तो प्रकल्प 2008 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर अभ्यासाचा भाग म्हणून सुरू केला. जगभरातले हौशी आणि तज्ज्ञ निरीक्षक तिथे फोटो टाकतात आणि एकमेकांची ओळख तपासतात. 2023 पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. सीक 2018 मध्ये आले. आधी फोटो काढून मग तो ओळखायला द्यावा लागे. 2019 च्या आवृत्तीपासून कॅमेरा समोर धरल्याधरल्या ओळख सुरू होते. यंत्राचे सगळे शिक्षण आयनॅचरलिस्टवरच्या फोटोंवर झाले आहे. त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही तिथूनच येतात.

कॅमेरा धरल्यावर पडद्यावर सात ठिपके दिसतात. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती या वर्गीकरणाच्या सात पायऱ्या म्हणजे ते ठिपके. अ‍ॅपची खात्री वाढेल तसा एकेक ठिपका भरत जातो. आधी ‘सपुष्प वनस्पती’ म्हणते, मग कुल सांगते, मग प्रजाती, आणि जमले तर जाती. शेवटच्या पायरीला पोचले की फोटोचे बटण हिरवे होते. हे सात ठिपके अ‍ॅपमधली सर्वांत शैक्षणिक गोष्ट आहेत आणि त्यांच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. वर्गीकरण पाठ करून घेण्यापेक्षा, कॅमेरा थोडा जवळ नेल्यावर अ‍ॅप ‘कीटक’वरून ‘भुंगेरे’वर कसे उतरते हे पाहताना मुलांना ते चटकन कळते. तिथे थांबून एक प्रश्न जरूर विचारावा: ‘आत्ता त्याला असे काय दिसले, की त्याची खात्री वाढली?’

अ‍ॅप प्रजातीवर किंवा कुलावर अडकले की मुलांना वाटते ते हरले. त्यांना उलट सांगायला हवे. पुरेसा पुरावा नसताना अ‍ॅप पुढे जात नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा आहे, आणि कीटकांच्या बाबतीत पुष्कळदा तज्ज्ञही फोटोवरून तिथेच थांबतात. खरा धोका उलट्या बाजूला आहे. सातही ठिपके भरून चुकीचे नाव येऊ शकते. ज्या जातींचे पुरेसे फोटो आयनॅचरलिस्टवर नाहीत, त्या या यंत्राला ठाऊकच नसतात. मग ते त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या, फोटो भरपूर असलेल्या जातीचे नाव पुढे करते. गवते, शेवाळ, अळिंब, बारीक माश्या, कोळ्यांची पिल्ले, नुकती उगवलेली रोपे आणि बागेसाठी तयार केलेले संकरित वाण इथे चुका सर्वांत जास्त होतात. म्हणून एक नियम विनाअपवाद पाळावा: सीकने सांगितलेल्या नावावर विसंबून कोणतेही फळ, पान किंवा अळिंब तोंडात घालायचे नाही, आणि कोणताही साप, विंचू किंवा केसाळ सुरवंट निरुपद्रवी मानायचा नाही.

ओळख चुकते तेव्हा बहुतेक वेळा फोटोच वाईट असतो. चौकटीत पाच रोपे असली तर अ‍ॅप कुठले बघते आहे ते त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही. पान न तोडता त्याच्या मागे पांढरा कागद किंवा तळहात धरावा. पार्श्वभूमी साधी झाली की फरक लगेच दिसतो. ऊन थेट असेल तर स्वतःच्या अंगाची सावली त्यावर पाडावी, कारण चकाकीत शिरा पुसल्या जातात. नुसत्या पानावर गाडी अडली तर फूल, मग फळ, मग पानाची मागची बाजू, मग देठ खोडाला कसा जोडला आहे ते दाखवावे. फोन एका जागी घट्ट धरण्यापेक्षा सावकाश पुढे-मागे न्यावा, म्हणजे फोकस कुठेतरी बसतो.

फार बारीक गोष्ट असेल तर फोन अगदी जवळ नेल्यावर चित्र धूसर होते. अशा वेळी दहापट भिंग कॅमेऱ्याच्या काचेला चिकटवून धरावे. दहापट भिंगाचे नाभीय अंतर सुमारे अडीच सेंटिमीटर असते, म्हणून किडा भिंगापासून साधारण तितक्याच अंतरावर हवा; त्यापुढे-मागे काहीही स्पष्ट दिसत नाही. उडत्या पाखरांसाठी मात्र सीककडून अपेक्षाच ठेवू नये. फोनच्या कॅमेऱ्याला पाखरू फार लहान दिसते आणि मुले त्याच्या मागे पळून त्याला उडवून लावतात.

आता बिल्ल्यांविषयी. नवी जाती सापडली की सीक ती मोजते, ठरावीक संख्येला बिल्ला देते, आणि वेळोवेळी आव्हाने असतात. तीच जाती पुन्हा दाखवली तर ‘ही तुम्ही आधी पाहिली आहे’ असे सांगते आणि मोजणीत काही भर पडत नाही. म्हणजे कालच्याच झाडाकडे आज पुन्हा जाणाऱ्या मुलाला अ‍ॅपच्या हिशेबात शून्य मिळते. आमची खरी हरकत इथे आहे. मुलाचे निसर्गाशी नाते जडते ते त्याच झाडाची पालवी, मोहोर, कीड, पानगळ पाहत गेल्याने. त्याच कोळ्याचे जाळे सकाळी कसे होते आणि संध्याकाळी कसे झाले, हे पाहायला परत जाण्यात जे घडते त्याला इथे जागाच नाही.

हे मत नुसत्या आवडीनिवडीचे नाही. लम्बर, रिचर्डसन आणि शेफील्ड यांच्या 2017 च्या अभ्यासात निसर्गाशी जोडलेपणाकडे नेणाऱ्या वाटा तपासल्या होत्या. इंद्रियांनी घेतलेला अनुभव, भावना, सौंदर्य, अर्थ आणि करुणा या पाच वाटा जोडलेपणाशी निगडित आढळल्या. नुसती माहिती मिळवणे आणि नावे ओळखणे त्यात बसले नाही. त्याच वर्षी ओटो आणि पेन्सिनी यांनी बर्लिनमधल्या चौथी ते सहावीच्या 255 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. पर्यावरणपूरक वागण्यातला 69 टक्के फरक निसर्गाशी जोडलेपणाने उलगडत होता आणि पर्यावरणाच्या ज्ञानाने 2 टक्के. ही एका वेळची प्रश्नावली आहे, त्यामुळे तिच्यावरून कारण आणि परिणाम सिद्ध होत नाही, आणि मुलांनी स्वतःविषयी दिलेली उत्तरे नेहमीच थोडी सजवलेली असतात. तरी दोन आकड्यांमधली दरी इतकी मोठी आहे की ‘नावे शिकवली की प्रेम आपोआप येईल’ हा भरवसा डळमळतो.

याचा अर्थ नावे निरुपयोगी, असा नाही. 2002 मध्ये बामफर्ड आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये छापलेल्या छोट्या पाहणीत, ब्रिटनमधल्या आठ वर्षांच्या मुलांना पोकेमॉनची सुमारे 80 टक्के पात्रे ओळखता येत होती, पण तिथल्या सामान्य वन्यजीवांपैकी निम्मेही येत नव्हते. मुलांची नावे शिकण्याची भूक आणि क्षमता अफाट असते, हे त्यातून दिसते. सीक ती भूक भागवते, आणि म्हणूनच ते निवडण्यासारखे आहे. फक्त नाव शेवटी यावे.

तसे करायला अ‍ॅपमध्येच सोय आहे: आधी काढलेला फोटो नंतर गॅलरीतून निवडून ओळखता येतो. बाहेर असताना फोनचा साधा कॅमेरा वापरा आणि पाहणे संपेपर्यंत सीक उघडूच नका. पाऊण तासाचे सत्र असेल तर पहिला अर्धा तास फोन पिशवीत असू द्या. दोन मुलांना मिळून साधारण एक मीटर बाजूचा चौकोन दोरीने आखायला सांगा आणि त्याच्या आत काय काय हलते, काय उगवते, काय कुजते ते पाहू द्या. प्रत्येकाला एक दहापट भिंग द्या. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचे आणि वस्तू, किंवा स्वतःचे डोके, पुढे-मागे करायचे. बहुतेक मुले (आणि मोठेही) भिंग हात लांब करून धरतात आणि मग ‘काही दिसत नाही’ म्हणतात.

मग प्रत्येकाने एकच गोष्ट निवडून तिचे चित्र काढायचे. चित्र सुंदर नको, पाय किती, शिरा समोरासमोर की एकाआड एक, कडा गुळगुळीत की करवती, एवढे त्यात यायला हवे. बाजूला दोन ओळी: काय दिसले, आणि काय समजले नाही. त्याखाली मुलाने स्वतः ठेवलेले नाव. ‘लाल पोटाची धावरी’ असे नाव ठेवणाऱ्या मुलाने तो किडा पाहिलेला असतो, यात शंका नाही. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत फोटो काढा आणि तिथेच किंवा परत आल्यावर सीकला विचारा. आता अ‍ॅपचे उत्तर मुलांना तपासता येते, कारण त्यांच्या वहीत पुरावा असतो. आठ पायांचे चित्र काढलेल्या मुलाला अ‍ॅपने ‘कीटक’ सांगितले, तर वाद घालायला त्याच्याकडे आधार आहे. तो वाद होऊ द्यावा.

बिल्ल्यांना उतारा म्हणून भिंतीवर एक साधा तक्ता लावावा. उभ्या रकान्यांत आठवडे, आडव्या ओळींत चार-पाच ठरलेल्या जागा: एक झाड, एक भिंतीची फट, एक वारूळ, एक ओलसर कोपरा. पुन्हा भेट दिली आणि काही बदल टिपला की रकाना भरायचा. सीक जे मोजत नाही ते हा तक्ता मोजतो.

एका फोनमागे चारपेक्षा जास्त मुले नकोत, नाहीतर एक पाहतो आणि बाकीचे ढकलाढकली करतात. सहा वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅपची गरज नाही. माती, पाणी आणि भिंग पुरते. सात ते नऊ वयात फोन मोठ्यांच्या हाती असावा आणि त्यापुढे मुलांच्या. पण मोठे माणूस सोबत हवेच, आणि ते फक्त राखणदार म्हणून नको. पर्यावरणासाठी आयुष्यभर झटलेली माणसे त्या वाटेला कशी लागली, याचा अभ्यास लुइझ चावला यांनी केंटकी आणि नॉर्वेमध्ये केला होता (1999). लहानपणी निसर्गात घालवलेला वेळ आणि घरातल्या कुणाचे तरी उदाहरण, ही कारणे त्यात ठळकपणे पुढे आली. मोठ्याने स्वतः गुडघे टेकून वारुळात डोकावणे हा कार्यक्रमाचाच भाग धरावा.

तांत्रिक बाजू थोडक्यात. ओळख फोनमध्येच होते, त्यामुळे नेटवर्क नसलेल्या जागीही कॅमेरा चालतो. जातींची माहिती आणि आसपासच्या जातींची यादी यांना मात्र इंटरनेट लागते. अ‍ॅप आधीच उतरवून ठेवावे. जुन्या फोनवर ते अडखळते. कॅमेरा सतत सुरू राहिल्याने फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते, म्हणून दोन वस्तूंमध्ये अ‍ॅप बंद करावे. नोंदी फोनमध्येच साठतात. अ‍ॅप काढून टाकले किंवा फोन बदलला की त्या गेल्या, तेव्हा वही हीच खरी नोंद समजावी.

आयनॅचरलिस्टचे खाते न जोडता वापरले तर सीकमधले फोटो कुठेही प्रसिद्ध होत नाहीत. ठिकाणाची परवानगी मागितली जाते ती आसपासच्या जाती सुचवण्यासाठी. ती नाकारली तरी ओळख चालू राहते. तेरा वर्षांवरच्या मुलांना आयनॅचरलिस्टवर खाते उघडून नोंदी इतरांकडून तपासून घेता येतात, आणि ज्याला खरोखर गोडी लागली आहे त्याने तिकडे जावेच, कारण तिथे चूक माणसे दुरुस्त करतात. तसे करताना घराजवळच्या आणि शाळेच्या आवारातल्या प्रत्येक नोंदीचे ठिकाण ‘अस्पष्ट’ करून ठेवावे. मग नकाशावर नेमक्या जागेऐवजी 0.2 अंश बाजूच्या चौकोनात कुठेतरी एक बिंदू दिसतो आणि नोंदीची तारीखही इतरांना फक्त महिन्यापुरतीच कळते. फोटोत मुलांचे चेहरे, गणवेश किंवा पाट्या येणार नाहीत हे मात्र स्वतःच पाहावे लागते.