'शेतात नांगराला लागलं' म्हणणाऱ्याकडून नाणं घेऊ नका

तुर्कस्तानात इफेसस या प्राचीन शहराचे अवशेष बघून खालच्या दाराने बाहेर पडलात की दुकानांची रांग लागते. तिथल्या काही पाट्यांवर चक्क 'अस्सल नकली घड्याळे' असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. त्या रस्त्यावर एवढं खरं बोलणारं दुसरं कोणी नाही. मला गाठलं त्याच्याकडे ना दुकान होतं ना पाटी. खिशात मातकट रुमाल तेवढा होता.

"माय फ्रेंड, शेतात नांगराला लागली," म्हणत त्याने आधी चार-पाच झिजकी रोमन तांब्याची नाणी माझ्या तळहातावर ठेवली. सम्राटाचं नाक गेलेलं, अक्षरं पुसट. गंमत म्हणजे ती खरी होती. चौथ्या शतकात, सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या काळात, असली बारीक तांब्याची नाणी इतकी पाडली गेली की झिजलेली आजही अगदी किरकोळ भावात मिळतात. आमिषाला तेवढा खर्च त्याला परवडतो. घरी शिवराई जमवणाऱ्या माझ्यासारख्याला खरं तांबं हातात आल्यावर कळतं, आणि तिथेच त्याचं निम्मं काम झालं.

मग आतल्या खिशातून घुबड निघालं. अथेन्सचं चार द्राख्मांचं चांदीचं नाणं, इ.स.पू. पाचव्या शतकातलं: एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना देवी, दुसऱ्या बाजूला समोर बघणारं घुबड, मागे ऑलिव्हची डहाळी आणि इवलीशी चंद्रकोर. चारशे युरोपासून सुरू झालेला भाव दोनशेवर आला. रोख. पावती मागितली तर लगेच दिली, तुर्कीत.

पुण्यात ओळखीच्या सराफांच्या काट्यावर ते 13.8 ग्रॅम भरलं. अस्सल घुबड 17.2 ग्रॅमच्या आसपास असतं. अथेन्सवाले वजनाला पक्के होते, आणि साडेतीन ग्रॅम चांदी झिजून गेली असती तर घुबडाची पिसं इतकी शाबूत राहिली नसती. भिंगाखाली अथेनाच्या गालावर बारीक खड्डे दिसले, ओतकामात हवेचे बुडबुडे राहिले की होतात तसे. कडेभोवती कानशीने घासून दडवलेली सांध्याची रेघ होती. जुनी नाणी दोन ठशांमध्ये धातूचा गोळा ठेवून हातोड्याने ठोकत, त्यामुळे कडेला सांधा नसतो. असल्या तर चिरा असतात. सराफांनी कड जराशी घासली, आतला धातू राखाडी निघाला. "वर नुसता मुलामा आहे हो," एवढंच म्हणाले.

उरलीसुरली शंका आमच्याच सहलीतल्या एका काकांनी मिटवली. त्यांनीही गुपचूप एक घेतलं होतं. घुबडाच्या डाव्या डोळ्याखालचा ओरखडा दोन्हींवर तंतोतंत एकाच जागी. एकाच ठशाची दोन नाणी चित्राला सारखी असू शकतात, पण नंतर पडलेला ओरखडा सारखा कसा येईल?

हा धंदा जुनाच. खुद्द अथेन्सने इ.स.पू. 375-74 मध्ये कायदा करून बाजारात नाणी पारखणारा बसवला होता. आत तांबं किंवा शिसं निघालं की तो ते नाणं तिथल्या तिथे कापून टाकी. एकोणिसाव्या शतकातला जर्मन ठकसेन बेकर आपली नवी 'प्राचीन' नाणी लोखंडाच्या किसासोबत पेटीत घालून घोडागाडीला बांधायचा, हादऱ्यांनी ती जुनी दिसावीत म्हणून. त्याने निदान स्वतः ठसे कोरले. माझ्यावाल्याने साधा साचा वापरला!

खरी मेख कायद्यात आहे. तुर्कस्तानच्या 1983 च्या कायद्यानुसार प्राचीन वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, त्याला कैद होते. म्हणजे नाणं खरं निघालं असतं तर मी विमानतळावर अडकलो असतो, आणि खोटं निघाल्यावर पोलिसांना काय सांगणार, की मला खरं चोरून न्यायचं होतं? विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. ती तुर्की पावती नंतर वाचून घेतली. तिच्यावर स्वच्छ लिहिलं होतं: 'स्मरणवस्तू, नक्कल, एक नग.'

ग्रीक-रोमन नाणी घ्यायचीच असतील तर नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घ्या. वजन, व्यास, नाणं आधी कोणाच्या संग्रहात होतं ते, आणि खोटं निघाल्यास पैसे परत, हे सगळं पैसे देण्याआधी लेखी मागा. पावती परक्या भाषेत असेल तर खिशात घालण्याआधी फोनवर भाषांतर करून वाचा.