दोन हजारांच्या हप्त्यापायी एकोणीस हजार गेले

पीएम किसानचा हप्ता दोनदा अडकला होता. भावकीत सगळ्यांचे पैसे पडले, आमचेच नाहीत. त्यामुळे गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पीएम किसान केवायसी’ नावाची फाइल आली तेव्हा शंका सोडाच, मला हायसं वाटलं. पाठवणाराही ओळखीतला. त्याचा फोन आदल्याच दिवशी हॅक झाला होता, हे मागाहून कळलं.

फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ होतं. यादी किंवा फॉर्म कधी एपीके नसतो. ते ॲप असतं. फोनने धोक्याची सूचना दिली, तर मी सेटिंग बदलून ते घेतलं. मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. मग आधार नंबर, आणि ‘एक रुपया नोंदणी फी’साठी यूपीआय पिन. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मीच चारचौघांना सांगत आलोय! वर्षाला ६,००० रुपये, २,०००चे तीन हप्ते, थेट खात्यात. या योजनेत भरायचं काही नसतंच.

रात्रीत १९,००० गेले. ओटीपी मला दिसलेच नाहीत, ॲपने ते परस्पर पुढे पाठवले.

सकाळी कळल्यावर लाजेपायी तीन तास कुणाला बोललो नाही. पैशापेक्षा या तीन तासांचा मला जास्त राग येतो. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला असता तर पैसे पुढच्या खात्यातच अडवता आले असते. मी केला तोवर ४,०००च गोठवता आले. बँकेने रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम दाखवला: ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान त्याचंच. तक्रारीनंतरचं बँकेचं.

आणि हप्ता का अडकला होता? खात्याला आधार जोडलेलं नव्हतं. बँकेत एक फॉर्म भरून काम झालं. केवायसी तर पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन वर किंवा सेवा केंद्रात अंगठा देऊन होते.

फोन रिसेट करेपर्यंत ती फाइल माझ्या नावाने अकरा ग्रुपवर गेली होती. घरच्या ग्रुपवर मावशीचा मेसेज होता: “उघडत नाहीये रे, परत पाठव.”