टॉर्क रॉडचे बुश: बदलायचे कधी, आणि रबर की पीयू?

आमची दहा चाकी गाडी (ट्रक) लांज्याकडचा चिरा भरते, पालीला कोल्हापूरच्या रस्त्याला लागते आणि साखरप्यावरून आंबा घाट चढते. येताना सिमेंट नाहीतर साखर. गेल्या हंगामाच्या सुरुवातीला मागच्या दोन्ही हौसिंगच्या (चाकांच्या एक्सलचं लोखंडी कवच) खालच्या टॉर्क रॉडना, म्हणजे हौसिंग चासीला धरून ठेवणाऱ्या दांड्यांना, पीयूचे (पॉलियुरेथेनचे, रबरापेक्षा कडक) बुश टाकले. बुश म्हणजे रॉडच्या टोकातली पिनभोवतीची गादी. वरच्या व्ही आकाराच्या रॉडना (व्ही रॉड) रबराचेच ठेवले. मधे अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता लिहितोय.

आधी बदलायचे कधी ते. नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. हायवेने सरळ पळणारी गाडी आणि खाणीच्या खड्ड्यांतून भरलेली बाहेर पडणारी गाडी, दोघींचे बुश सारखे टिकत नाहीत. नुसत्या आवाजावरही जाऊ नका. गाडी जागेवरून पुढे उचलताना मागे ‘ठक्’ वाजलं की सगळे टॉर्क रॉडचं नाव घेतात, पण तोच आवाज सैल यू बोल्ट, झिजलेली शॅकल पिन किंवा प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचाही असू शकतो. रबरावर वरवरच्या भेगा दिसल्या म्हणून बुश गेला, असंही नाही. रबर आतल्या पिनपासून सुटलंय का, ते बघायचं.

गाडी रिकामी करून सपाट जागेवर लावा. ड्रायव्हरने ब्रेक दाबून ठेवून गिअरमध्ये हलका जोर पुढे-मागे द्यायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून रॉडच्या टोकांवर नजर ठेवायची. तेव्हा गाडीखाली कुणीही जायचं नाही. मग इंजिन बंद, चाकं सरकू नयेत म्हणून ओट लावून रॉडच्या टोकाखाली पहार घालायची. आमच्या डाव्या रॉडला पहार दाबली की पिनच्या वरच्या अंगाला चंद्रकोरीसारखी फट उघडायची, सोडली की मिटायची. त्या फटीतून रबराचा काळा भुगा आणि खाणीची लाल माती गळत होती, आणि पिन मधोमध न राहता खाली बसली होती. असं दिसलं की पुढची फेरी धरायची नाही. हौसिंग जागेवर धरतो तो हाच रॉड. तो ढिला पडला की हौसिंग तिरकं होतं, टायर खायला लागतात, आणि घाट उतरताना ब्रेक मारला की गाडीचा मागचा भाग सरकल्यासारखा वाटतो. तेवढ्यात एक जोडी टायर गेले तर बुशच्या कितीतरी पट पैसे गेले.

आपल्याकडे खरा त्रास बोल्ट काढताना. खारी हवा आणि पाऊस, त्यामुळे बोल्ट जागीच गंजून बसतात. आमचे गॅसने कापावे लागले, म्हणून नवे बोल्ट आधीच आणून ठेवा. मात्र रॉडमधलं जुनं रबर गॅसने जाळून काढू देऊ नका, रॉड खराब होतो. प्रेसवरच काढायचं आणि प्रेसवरच बसवायचं. रबराच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. जॅकवर लटकती असताना आवळले तर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकर सुटतो. रबराला ग्रीस तर लावूच नका, ते फुगून मऊ पडतं.

आता पीयूबद्दल. उचलतानाचा ठोका गेला, टायरची झीज सरळ झाली, हौसिंगच्या सीलमधून गळणाऱ्या तेलाचाही परिणाम दिसला नाही. पण रिकामी गाडी जास्त हादरते, आणि पाऊस उघडल्यावर मधेमधे कुरकुर ऐकू येते. किंमतही चांगलीच जास्त. वजनाची आणि घाटाची गाडी असेल तर खालच्या रॉडना मी पुन्हा पीयूच टाकेन. व्ही रॉडला नाही. तिथे हौसिंग दोन्ही बाजूंनी पीळ घेतं आणि तो पीळ रबर सहज सोसतं, कडक पीयूवर मात्र सगळा ताण पिन आणि ब्रॅकेटवर जाईल असं मला वाटतं.

व्ही रॉडच्या रबरात सध्या प्ले (ढिलेपणा) नाही. खाणी सुरू व्हायच्या आत एकदा पहार लावून बघणार, आणि फट दिसली तर दोन्ही बाजूंचे एकदमच बदलणार.